शुद्ध कशाला म्हणावे?



गावोगावच्या छपरांवर आता सोलर पॅनेल दिसतात. ती बसवण्याचे काम आपले तरुणही शिकत आहेत, याचा आम्हांस आनंद आहे. पण पॅनेल बनते कशाचे, हेही घरातल्या मुला-मुलींनी समजून घ्यावे.

मूळ माल साधा, गारगोटी. विद्युत भट्टीत ती कोळशासह सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवली की कोळसा तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो व सिलिकॉन उरते. ते ९८-९९ टक्के शुद्ध असते. पण सौरघटाला तेवढे पुरत नाही. लोखंडासारखी भेसळ उन्हाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वाटेतच गिळते. म्हणून हायड्रोजन क्लोराईड वायूच्या साहाय्याने सिलिकॉनचे ट्रायक्लोरोसिलेन करतात. हा द्रव सुमारे ३२ अंशांनाच उकळतो. भेसळीची संयुगे वेगळ्या तापमानाला उकळतात, म्हणून ऊर्ध्वपातनाने ती बाजूला काढता येतात. मग हायड्रोजनच्या सोबतीने, सुमारे ११०० अंशांच्या तप्त कांड्यांवर शुद्ध सिलिकॉन थराथराने जमते. दहा लाख अणूंमागे परका अणू जेमतेम एक, बहुधा त्याहूनही कमी.

आणि एवढे करून ते एकटे काही कामाचे नाही! त्यात एका बाजूस बोरॉन किंवा गॅलियम, दुसऱ्या बाजूस फॉस्फरस मोजून मिसळावे लागते. दोहोंच्या सांध्यामुळेच वीज मिळते. विज्ञानाची शुद्धता अशी मोजून, तपासून ठरते. माणसांना जन्मावरून शुद्ध-अशुद्ध ठरवणाऱ्यांनी कोणते माप लावले होते?

गारगोटीची दुसरी बाजूही विसरू नये. तिची धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत राबलेले मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर त्याने दगावले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ती पूड सोलरसाठी नव्हती, पण धूळ तीच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि विजेचा विषयही त्याच खात्याकडे होता. वीज आणि ती घडवणारा मजूर, दोहोंचा विचार एकत्र व्हावा. म्हणून आमचे सांगणे एवढेच: मुलांना रसायनशास्त्राची गोडी लावा, आणि दगड, गारगोटीच्या धुळीत घरचे कोणी काम करीत असेल, तर त्याच्या छातीची तपासणी करून घ्या, धूळ दाबायला पाण्याचा फवारा मालकाकडे संघटितपणे मागा.