आधी आडवी, मग उभी!

सध्या आपल्या होस्टेलात चिनी शिकायची लाट आली आहे. कुणाला शेन्झेनहून सर्किट बोर्ड मागवायचे आहेत, कुणाला पुढची नोकरी दिसतेय, कुणाला नुसतंच भारी वाटतं. चांगलंच आहे! सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले, १९४२ साली तिथेच वारले. तेव्हा मराठी माणसाला चिनी झेपत नाही, असं कुणी म्हणू नये.

पण बहुतेकांचं म्हणणं एकच. "बोलता आलं की झालं न बे, लिहितो कोण आता? रोमनमध्ये टाइप केलं की मोबाईल अक्षर दाखवतोच." माझं मत नेमकं उलटं आहे. हाताने लिहा, आणि रेघांच्या ठरलेल्या क्रमानेच लिहा.

मूळ रेघा मोजक्याच आहेत. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरणारी, ठिपका, वर जाणारा झटका, शिवाय वळणं आणि आकडे. 'कायम' या अर्थाच्या 'योंग' अक्षरात आठ मूळ स्ट्रोक सापडतात, म्हणून सुलेखन शिकणारे तेच घोटतात. नियमही सोपे. आधी आडवी, मग उभी. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. चौकट असेल तर आधी बाहेरची, मग आतलं, आणि सगळ्यात शेवटी खालची रेघ मारून दार बंद!

'तोंड' हे अक्षर म्हणजे साधा चौकोन. आपण म्हणू चार रेघा. पण स्ट्रोक तीनच, कारण वरची आणि उजवी बाजू पेन न उचलता काढतात. छापील शब्दकोशात अक्षर शोधताना स्ट्रोक मोजावे लागतात. तीनाचे चार मोजले, की गेलात भलत्याच पानावर.

कुणी म्हणेल, हा क्रम काय ब्रह्मदेवाने ठरवलाय? नाहीच. 'शेत' म्हणजे चौकटीत अधिकचं चिन्ह. त्यातली मधली आडवी रेघ चीनमध्ये आधी काढतात, तर जपानमध्ये उभी आधी. पण एका देशातले सगळे एकच क्रम पाळतात, म्हणून घाईत रेघा एकमेकींत मिसळल्या तरी वाचणाऱ्याला पेन कुठून कुठे गेलं ते कळतं. क्रम माहीत नसेल तर तो नुसता गुंता. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आधी सेंटर लाइन का, हे ज्यांना पटलंय त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

आणि हे आपल्या घरचंच आहे. देवनागरीत आपण अक्षर काढून वर शिरोरेघ देतो. मोडीत उलट. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली शक्यतो पेन न उचलता सलग लिहीत जायचं. भोसल्यांच्या काळातले नागपूरचे कागद या लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती व्यवहारातून आणि शाळेतून गेली, आणि आज आजोबांच्या ट्रंकेतला जमिनीचा कागद वाचायला पैसे देऊन जाणकार शोधावा लागतो. कागद आपला, भाषा आपली, पण हाताची सवय गेली म्हणून डोळ्यांनाही दिसेना!

चीनमध्ये आता 'पेन उचललं की अक्षर विसरलं' अशा अर्थाचा वाक्प्रचारच आहे. दिवसभर रोमनमध्ये टाइप करणाऱ्यांना ओळखीचं अक्षर समोर दिसलं तर वाचता येतं, कोऱ्या कागदावर काढता येत नाही. आता आपला होस्टेलचा ग्रुप आठवा. आईला पाठवलेला मेसेजसुद्धा रोमनमध्ये. मी कॉन्व्हेंटची. चार रेघी वहीत कर्सिव्ह वर्षानुवर्षं गिरवलं. शब्द संपल्यावर 'आय'चा ठिंबा, 'टी'ची काट, हे हाताला आपोआप येतं. 'ज्ञ' किंवा 'ळ' कुठून सुरू करायचा, हे आमच्यातल्या कितीजणींना असं न थांबता जमेल?

म्हणून एक सुचवते. रविवारी रात्री मेस बंद असते. जेवून आलात की अर्धा तास कॉमन रूममध्ये बसूया. चौकटीची वही आणि एक पेन, बाकी काही नको. पाच चिनी अक्षरं, पाच देवनागरी, क्रमाने. मोडी येणारं स्टाफपैकी कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. रेक्टर मॅडमनी तेवढी किल्ली द्यावी, ही विनंती!