काखेत कळसा, गावाला वळसा

"आमच्या ढाणकीला नेट चालतच नाही," हे वाक्य आपण इतक्या वेळा म्हणतो की त्याची शहानिशा करावी असे कुणाला वाटतच नाही. गेल्या वर्षी मीही तेच म्हणत होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान अर्ध्यावर अडकायचे. आईबाबांनी कॉलेजची पायरी पाहिलेली नाही. त्यामुळे घरात माझा शब्द अखेरचा. मी म्हटले, "मोठा प्लॅन घ्या." आईने कापूस वेचणीच्या मजुरीतून जास्तीचे पैसे दिले. नेट मात्र होते तसेच राहिले!

शेवटी मैत्रिणीचा लॅपटॉप आणून राऊटरला केबलने जोडला आणि वेग मोजला. तो पुरेपूर होता. म्हणजे वेग दारापर्यंत येत होता. घरात मात्र अडत होता. आमचा राऊटर लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता आणि धातू रेडिओलहरी अडवतो. तो मधल्या खोलीत उंचावर ठेवला. मग सेटिंग उघडली. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर, भिंतींपलीकडे पोचतात, पण तिथे गर्दी फार. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त, पण भिंतीपुढे त्या लवकर क्षीण होतात. २.४ मधील १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. शेजाऱ्यांचे राऊटर ज्यावर होते, तो सोडून मी दुसरा निवडला. पासवर्डही बदलला. त्याच संध्याकाळी अर्ज गेला. मोठ्या प्लॅनची गरजच नव्हती.

सेटिंग म्हणजे जादू नव्हे. केबल लावूनही वेग कमीच आला, तर दोष बाहेरचा. तेव्हा गप्प न बसता आकड्यानिशी तक्रार करावी. मात्र प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो, हे ध्यानात ठेवावे. ८ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात.

"हे विज्ञान शाखेचे काम," असे म्हणून आपण कला शाखेचे विद्यार्थी हात झटकतो. पण अर्ज आपलाही अडतो, आणि पैसे आपल्याही आईबापांचे जातात. ज्या घरात पहिलेच मूल कॉलेजात आले आहे, तिथे हे दुसरे कोण सांगणार? प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, वर्षातून एक तास यासाठी द्यावा. माझ्या अज्ञानाची किंमत माझ्या आईने मोजली. तुमच्या आईवर ती वेळ येऊ देऊ नका.

— बी. ए. द्वितीय वर्ष