अर्थविचार : ठेकेदाराने लिहिलेला नफा

तारापूर औद्योगिक वसाहतीत सकाळी कारखान्यांची फाटके उघडतात, तेव्हा कायम कामगारांबरोबर आणखी एक मोठा वर्ग आत शिरतो. पाइप जोडणारा फिटर, वायरमन, रंगकाम करणारा, पत्र्याचे काम करणारा फॅब्रिकेटर. यांना पगार नसतो, बिल असते. बिलातून एक टक्का टीडीएस कापला गेला की प्राप्तिकराचे प्रकरण मिटले, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती केवळ आगाऊ जमा होय. उत्पन्नाचा हिशेब देणे शिल्लकच राहते.

बोईसरच्या एका फॅब्रिकेटरची वर्षाची बिले सुमारे १८ लाखांची, सर्व रक्कम बँकेतून येणारी. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ४४ एडी कलमानुसार अशा व्यावसायिकाला तपशीलवार वह्या न ठेवता अनुमानित नफा दाखवता येतो : बँकेतून आलेल्या रकमेवर किमान सहा टक्के, रोखीवर आठ टक्के. विवरणपत्र भरून देणाऱ्याने तीन वर्षे हा किमान आकडाच, म्हणजे १ लाख ८ हजार, लिहिला. मदतनिसांची मजुरी, वेल्डिंग रॉड, गॅस, टेम्पोभाडे वजा जाता हाती मात्र सहा लाखांच्या आसपास राहत होते. पुढे घरासाठी कर्ज मागितले, तेव्हा बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे पाहिली. महिना नऊ हजारांच्या मिळकतीत हप्ता कसा बसावा? अर्ज परत आला.

खेदाची गोष्ट अशी की, या लपवाछपवीत त्याचा एक रुपयाही वाचला नव्हता. नव्या करप्रणालीत २०२३-२४ पासून सात लाखांपर्यंत आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्यच होतो. खरे सहा लाख लिहिले असते, तरी कापलेले १८ हजार परत मिळालेच असते. सहा टक्के ही तळरेषा आहे. नफा अधिक असेल, तर अधिकच लिहावयाचा असतो.

दलाली किंवा कमिशनवर उत्पन्न असणाऱ्या बांधवांनी मात्र या कलमावर विसंबू नये. ते त्यांना लागूच नाही. अणुवीज केंद्रातून निवृत्त होऊन तांत्रिक सल्ला देणाऱ्या अभियंत्यासाठी ४४ एडीए हे वेगळे कलम आहे व तेथे जमेची किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते.

पेढीवाल्यांकडेही यातील एक बाजू येते. मागील वर्षी एक कोटीहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने ठेकेदाराचे एक बिल ३० हजारांवर किंवा वर्षाची बिले एक लाखावर गेल्यास टीडीएस कापावयाचा असतो. तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरून (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) तिमाही विवरणात ठेकेदाराचा पॅन अचूक नोंदवला नाही, तर त्याच्या २६ एएस पत्रकात ती रक्कम दिसत नाही आणि परतावा अडतो. कष्टकऱ्याचे कापलेले पैसे आपल्या गल्ल्यात पडून राहावेत, हे पेढीच्या नावाला शोभणारे नाही.

त्या फॅब्रिकेटरने आता बिले व मजुरीची साधी वही घातली आहे. यंदाच्या विवरणपत्रात खरा आकडा जाईल. बँकेला अशी आणखी काही विवरणपत्रे हवी आहेत. तोवर भाड्याची खोली चालू आहे.