टोमॅटो, खारूताई आणि दोनशे तीस व्होल्ट

टोमॅटो हा विषय कॉलेजच्या अंकात कशाला, असं काहींना वाटेल. मेसच्या भाजीत तो शोधावा लागतो आणि सॉसच्या बाटलीत तो नक्की किती असतो याबद्दल दुमत आहे. आपला आणि त्याचा संबंध एवढाच! पण गेल्या महिन्यात होस्टेलच्या मागच्या मोकळ्या जागेत टोमॅटो लावायची कल्पना निघाली. तिच्या पाठोपाठ दुसरी निघाली, की खारी-माकडं येऊ नयेत म्हणून वाफ्याभोवती तार ओढायची आणि तिच्यात करंट सोडायचा. "आपण इंजिनिअर आहोत यार, एवढं जमणार नाही?" असा एकंदर सूर होता. पहिल्या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरीला ठाम विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी खडकीचा. खडकी म्हटलं की लोकांना ५ नोव्हेंबर १८१७ ची इंग्रज-पेशव्यांची लढाई आठवते, नाहीतर १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. पण आमच्या भागाची तिसरी ओळख म्हणजे झाडं. लष्कराच्या आणि कारखान्याच्या हद्दीत बिल्डर लोकांना शिरता आलं नाही, म्हणून वड, चिंचा, पर्जन्यवृक्ष टिकले. एका अंगाला मुळा नदी, दुसऱ्या अंगाला रेंजहिल्स आणि गणेशखिंड. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे मोराच्या ओरडण्याने जाग येते. अशा ठिकाणी क्वार्टरच्या मागे दहा-बारा टोमॅटोची रोपं लावली, तर ती फक्त आपल्यासाठी लावलीत असं कोणीच मानत नाही. बुलबुल मानत नाही, खार मानत नाही आणि घूस तर मुळीच मानत नाही!

तेव्हा पहिला मुद्दा: गुन्हेगार कोण हे ओळखल्याशिवाय शिक्षा करू नका. बिघाड शोधताना आपण आधी फ्यूज बघतो, लगेच मोटर बदलत नाही. इथेही तसंच आहे. पिकत आलेल्या फळाला वरून चोच मारल्यासारखं भगदाड असेल, तर तो पक्षी. अर्धं कुरतडलेलं फळ दिवसाढवळ्या कठड्यावर सापडलं, तर ती खार. रात्रीत खालची, जमिनीला टेकलेली फळं गेली आणि शेजारी उकरलेली माती दिसली, तर घूस किंवा उंदीर. आणि हिरव्या फळालाच गोल, स्वच्छ भोक असेल, तर ती फळ पोखरणारी अळी. या अळीचं पाप बऱ्याचदा पक्ष्यांच्या माथी मारलं जातं. वास्तविक बुलबुल अळ्याही खातो, म्हणजे आपण पोलिसालाच चोर समजून हाकलतो. शिवाय सगळ्यात मोठं नुकसान करणारे पाहुणे डोळ्यांना दिसतही नाहीत. पानं आकसवणारा बोकड्या रोग इवल्याशा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेली टोमॅटोची नागअळी तर आपल्या पुणे भागातच सापडली होती. करंटची तार यांचं काय वाकडं करणार?

आता त्या तारेचं गणित करू. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर. घरात जीव वाचवायला जो आरसीसीबी बसवतात, तो ३० मिलिअँपिअरला ट्रिप व्हावा अशी अपेक्षा असते. म्हणजे त्याच्या सातपटीहून जास्त! शेताच्या कुंपणाला जे मान्यताप्राप्त झटका यंत्र लावतात, ते वेगळंच प्रकरण आहे. त्यात सेकंदाला जेमतेम एक झटका, तोही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता, आणि त्याच्या ऊर्जेवर ५ ज्यूलची मर्यादा. त्या मधल्या वेळात प्राण्याला आणि माणसाला मागे हटता येतं. थेट मेनमधून सोडलेल्या तारेत हा मधला वेळच नसतो. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेल्याच्या आणि स्वतः शेतकरी गेल्याच्या बातम्या आपण पेपरमध्ये वाचतो. होस्टेलच्या मागे रात्री बॉल शोधायला कोण जातं? पहाटे झाडायला कोण येतं? सफाईच्या मावशींना ती तार दिसणार आहे का? चार टोमॅटोंसाठी हा धोका घ्यायचा असेल, तर आपली डिग्री काय कामाची?

तारेला नाही म्हटलं की पुढची सूचना येते ती विषाची. उंदराच्या गोळीने उंदीर लगेच मरत नाही. रक्त न गोठू देणारी औषधं काही दिवसांनी मारतात. तोवर तो सुस्त उंदीर मांजराच्या नाहीतर गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतो आणि विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे फुकट काम करणारा रात्रपाळीचा वॉचमन आपण स्वतःच काढून टाकतो. मोराची तर गोष्टच सोडा. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वात वरचं संरक्षण आहे.

मग करायचं काय? माझ्या आईच्या बागेत जे चालतं ते सांगतो.

एक, टोमॅटो लाल होईपर्यंत झाडावर ठेवूच नका. आंबा, केळीप्रमाणे टोमॅटोही तोडल्यावर पिकतो. कारण फळ स्वतःच इथिलीन वायू तयार करतं. टोकाला पहिला गुलाबी-पिवळसर रंग फुटला की तोडायचा आणि घरात टोपलीत ठेवायचा. फ्रिजमध्ये नाही, थंडीने पिकणं बिघडतं. लाल रंग म्हणजे पक्ष्यांना आवतण. ते जायच्या आत फळ घरात. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि एकटाच निम्मं काम करतो.

दोन, जाळी. पण पतंगाच्या मांजासारखी मोकळी, मोठ्या भोकांची नायलॉन जाळी नको. तिच्यात पक्षी आणि धामणी अडकून मरतात. करंगळी आत जाणार नाही इतकी बारीक जाळी चौकटीवर ताणून बसवा. वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलनंतर उरलेल्या सळ्या आहेतच! जाळीत मधमाश्या येणार नाहीत अशी शंका काढाल. टोमॅटोचं फूल स्वतःचं परागण स्वतः करतं, फक्त त्याला हलवायला हवं. सकाळी अकराच्या सुमारास फुलांच्या देठांना टिचक्या मारा, झालं.

तीन, घुशीसाठी जमिनीत अर्धा-पाऊण फूट वेल्डमेश गाडा, नाहीतर रोपं सरळ तेलाच्या डब्यांत, उंचावर लावा. फांद्या बांबूला सुतळीने बांधा, फळं मातीला टेकू देऊ नका.

चार, उन्हाळ्यात पाण्याचं एक पसरट भांडं भरून ठेवा. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. मे महिन्यात खार बऱ्याचदा त्याच्यासाठीच येते, असा आमचा अनुभव आहे.

एवढं करूनही दहा-वीस टक्के जाणारच. प्रत्येक मशीनमध्ये आपण लॉसेस धरतो ना? मग इथेच शंभर टक्के एफिशियन्सीचा हट्ट का?

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे शहाणपण आपल्याला परवडतं, कारण आपलं पोट त्या टोमॅटोवर नाही. जुन्नर-नारायणगावच्या शेतकऱ्याला जाऊन "दहा-वीस टक्के सोडा" असं सांगू नका. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा आपण मेसमध्ये ओरडलो. पण भाव पडल्यावर तोच माल रस्त्यावर ओतावा लागतो, तेव्हा आपण गप्प असतो. कोकणात माकडांमुळे लोक भाजीपाला लावायचंच सोडतात. त्यांचा राग खोटा नाही. म्हणून प्राण्यांवरच्या दयेची भाषणं शेतकऱ्यापुढे झोडण्यापेक्षा स्वस्त, सुरक्षित आणि वीज गेली तरी चालणारं संरक्षण तयार करणं हे आपलं काम आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं.

आणि होस्टेलकरांनो, शेवटचं. गॅलरीतून पोळ्या फेकून माकडांना आणि कावळ्यांना बोलावतं कोण? मेसच्या मागे उघडं खरकटं टाकून घुशी पोसतं कोण? आधी आमंत्रण द्यायचं आणि मग पाहुण्यांसाठी करंटची तार लावायची, हा कुठला न्याय! रेक्टर सरांना आणि मेस कमिटीला विनंती आहे की वाफे खणायच्या आधी खरकट्यासाठी झाकणाचे पिंप आणावेत. टोमॅटो आपण पावसाळ्यानंतर लावू. जाळीची चौकट करायला मी येतो. तुम्ही येताय का?