रीडिंग तुझं की शेजारच्याचं?

एक प्रामाणिक प्रश्न. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला पाचही रीडिंग स्वतः घेणारे आपल्या होस्टेलमध्ये किती जण आहेत? मी तरी नाही. गेल्या सेमिस्टरला मी दोन घेतली, उरलेली तीन शेजारच्या टेबलावरून 'ॲडजस्ट' केली आणि जर्नलवर सही मिळवली. त्यात काही चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही. वाटलं ते नंतर, आणि तेही बंदुकीच्या गोळीमुळे!

घाबरू नका, सांगतो. मी जामनेरचा. आमच्याकडून भुसावळ गाठलं की पुढे वरणगाव. तिथल्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसं बनतात. (2021 पासून ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.) नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण काडतुसात इंजिनिअरिंग ते काय असणार, असंच वाटायचं. सुट्टीत सहज वाचायला घेतलं आणि एका मापापाशी अडकलो: गोळी केसमध्ये किती खोल बसवायची?

आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. खरं तर तळाशी प्रायमर, पितळी केसमध्ये दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली असते ती गोळी. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज वापरलेल्या केसेस घरीच पुन्हा भरतात. त्यातलं हे सगळ्यात नाजूक माप.

9 मिमी पिस्तुलाचं काडतूस घ्या. गोळीचा व्यास 9 मिमी धरला तर क्षेत्रफळ साधारण 64 वर्ग मिमी. म्हणजे गोळी फक्त 1 मिमी जास्त आत गेली की 64 घन मिमी जागा गेली. रिकाम्या केसची एकूण जागाच साधारण 860 घन मिमी, आणि त्यातली बरीचशी गोळीच्या बुडाने आधीच घेतलेली! जागा कमी झाली की दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते, आणि दाब पुन्हा वाढतो. थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण जे फळ्यावरून उतरवून घेतो, ते इथे हातात फुटू शकतं.

बरं, मग गोळी बाहेरच ठेवावी म्हटलं तर? काडतूस मॅगझिनमध्ये बसत नाही, किंवा गोळी नळीतल्या आट्यांना आधीच टेकते आणि तरीही दाब वाढतो. म्हणून हे लोक इंचाच्या हजाराव्या भागात बदल करतात. एक हजारांश म्हणजे 0.0254 मिमी. आपल्या लॅबमधल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती? 0.02 मिमी! ज्या आकड्याला आपण 'चालतंय रे' म्हणून सोडून देतो, त्याच आकड्यावर त्यांचं सगळं काम चालतं.

आणखी एक गंमत. रायफलच्या गोळीचं टोक प्रत्येक वेळी सारखं नसतं. टोकापासून मोजलं तर रीडिंग खालीवर होतं. म्हणून ते टोक सोडून गोळीच्या वक्र भागावरून मोजतात. याला म्हणतात डेटम निवडणं! खालीवर झालेलं रीडिंग त्यांनी खोडलं नाही, ते का आलं ते शोधलं.

आता कोणी रूमवर प्रयोग करायला निघू नका. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं ते जन्मठेप. मला ते योग्यच वाटतं. माझा मुद्दा वेगळा आहे.

घरी काडतूस भरणारा माप चोरत नाही, कारण ती बंदूक तो स्वतःच्याच गालाला लावणार असतो. त्यात फार मोठेपणा नाही. मोठेपणा वरणगावच्या कामगाराचा. त्याचं काडतूस कुठल्या चौकीवरच्या कुठल्या जवानाच्या रायफलमध्ये जाणार, त्याला कधीच कळणार नाही. तरी माप तेच हवं. इंजिनिअर म्हणजे दुसरं काय? उद्या आपण बनवलेल्या ब्रेकवर, लिफ्टवर, पुलावर जे विसंबतील ते आपल्या ओळखीचे नसणार.

कोणी म्हणेल, एका व्हर्निअरमागे पाच जण, वेळ दोन तास, करायचं काय? बरोबर आहे. म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. आमचं रीडिंग वेगळं आलं की 'परत लिहून आण' म्हणू नका. 'परत मोजून दाखव' म्हणा. पाच रीडिंग नकोत, दोनच घ्यायला लावा, पण समोर उभं राहून. सगळ्या बॅचचा आकडा सारखा आला की मार्क देण्याऐवजी शंका घ्या.

आणि आपण? मी ठरवलंय. यापुढे जर्नलमधलं रीडिंग कितीही वेडंवाकडं असलं तरी माझंच असेल. सही उशिरा मिळाली तरी हरकत नाही. ओरल्सला 'हे कसं आलं?' असं विचारलं तर निदान सांगता तरी येईल!