उसाच्या काट्यावर भांडणारे आपण एमबीएच्या फ्लेक्सपुढे गप्प का?

परवा तारकपूरला एसटीतून उतरलो तर समोरच भला मोठा फ्लेक्स. कोट-टाय घातलेली चार पोरं हात बांधून उभी, खाली '१००% प्लेसमेंट' आणि त्याहून मोठ्या अक्षरात 'हायेस्ट पॅकेज १८ लाख'. बघितला आणि पुढं गेलो. असे फ्लेक्स आता सावेडीपासून नेवाशापर्यंत सगळीकडं आहेत, त्यात नवीन काही नाही.

त्याच संध्याकाळी दाजींचा फोन. भाचीनं बी.कॉम. केलंय, यंदा एमबीएची सीईटी दिली, ७८ पर्सेंटाइल मिळाले. दाजी म्हणाले, "पुण्याहून एका काउन्सेलरचा फोन होता. म्हणतो, एवढ्यावर कॅप राउंडमध्ये काही मिळणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ५० हजार भरा, सीट ब्लॉक करून ठेवतो. दोन गाया काढून टाकाव्या म्हणतो."

मी म्हटलं, दाजी, एक रुपया भरू नका. मी रविवारी येतो.

कारण २००९ साली हाच फोन आमच्या घरी आला होता. तेव्हाही 'उद्या संध्याकाळपर्यंत'च होतं. मी कॅपची वाट न बघता थेट प्रवेश घेतला. फी, होस्टेल, मेस धरून दोन वर्षांत सहा लाख गेले, त्यातले पाच लाख बँकेचं कर्ज. कॅम्पसमधून लागलेली नोकरी महिना १४ हजारांची आणि कर्जाचा हप्ता ८,८०० रुपये. सात वर्षं फेडत होतो. वडील कधी काही बोलले नाहीत, पण त्या सात वर्षांत घराचा स्लॅब पडला नाही तो नाहीच. कॉलेजनं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मी काही विचारलंच नव्हतं, त्यांनी काही सांगितलं नाही, एवढंच.

एमबीए वाईट नाही. कॉस्टिंग, लोकांशी बोलणं, ताळेबंद वाचणं हे मी तिथंच शिकलो आणि आज सुप्याच्या एमआयडीसीत त्यावरच पोट चालतंय. माझा राग आकड्यांच्या खेळावर आहे.

आता हे गणित बघा. एका वर्गात पाच पोरं आहेत. चौघांना वर्षाला ३ लाखांची नोकरी लागली, एकाला १८ लाखांची. फ्लेक्सवर छापून येतं 'हायेस्ट १८ लाख'. माहितीपत्रकात येतं 'ॲव्हरेज ६ लाख', आणि तेही खोटं नाही! एकूण ३० लाख भागिले ५, म्हणजे ६ लाखच होतात. पण सहा लाख त्या पाचांपैकी कुणालाच मिळाले नाहीत. पगार चढत्या क्रमानं लावले आणि मधल्या पोराचा बघितला तर निघतो ३ लाख. दहावीच्या पुस्तकात याला मध्यक म्हणतात. आपलं पोर बहुतेक त्या मधल्या पोराच्या आसपासच असणार आहे, म्हणून आईबापांच्या कामाचा आकडा तोच. आणि बरोबर तोच फ्लेक्सवर नसतो.

'१००% प्लेसमेंट'चंही तसंच. शंभर टक्के कशाचे? वर्गातल्या सगळ्या पोरांचे, की ज्यांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं तेवढ्यांचेच?

आपला जिल्हा असल्या बाबतीत भोळा नाही हो. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केलेला हा जिल्हा. आपण उसाच्या वजनकाट्यावर भांडतो. रिकव्हरी किती लागली, टनाला भाव किती देणार, हे सर्वसाधारण सभेत उभं राहून अध्यक्षाला विचारतो. दूध घालायला गेलो तर फॅट आणि एसएनएफचा आकडा स्वतः वाकून बघतो. दहा लिटर दुधासाठी एवढी चौकशी! आणि पोरीच्या दोन वर्षांसाठी, गोठ्यातल्या दोन गायांसाठी, एका फोनवर विश्वास?

म्हणून यंदा ज्यांच्या घरात एमबीएचा अर्ज भरायचा आहे त्यांना काही गोष्टी सांगतो.

कॅपमधून जा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतसुद्धा साधारण २० टक्के जागा संस्था पातळीवर असतात, बाकी जागा कॅपमधूनच भरतात. ऑप्शन फॉर्म स्वतः बसून भरा, आणि सगळ्या फेऱ्या होईपर्यंत 'सीट ब्लॉक'च्या नावावर कुणाला पैसे देऊ नका.

फी माफीही कॅपशी बांधलेली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला की ती माफी गेली. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना तर ती लागूच नाही. हे दाजींना त्या काउन्सेलरनं सांगितलं असेल का? तुम्हीच विचार करा.

कागद आत्ताच काढा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणी. निकालानंतर सेतूवर रांग लागते आणि पडताळणी वेळेत आली नाही तर पोर खुल्या वर्गात ढकललं जातं.

आणि मध्यक पगार विचारा. एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना किती पोरं पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे भरून द्यावं लागतं. ती माहिती संस्थेच्या वेबसाइटवर सापडते. सापडली नाही तर ऑफिसात जाऊन लेखी मागा. तिकडं आयआयएम अहमदाबादसारखी संस्था आपला प्लेसमेंट अहवाल त्रयस्थाकडून तपासून घेते. मग आपल्या भागातल्या संस्थांना नुसता आकडा सांगायला काय अडचण आहे?

जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांना माझी जाहीर विनंती आहे. बहुतेक जण सहकारातूनच पुढं आलेले आहात, अहवाल सभासदांपुढं ठेवायची सवय तुम्हाला आहे. जेवढ्या अक्षरात 'हायेस्ट' छापता तेवढ्याच अक्षरात मध्यकही छापा. ज्यांची पोरं खरंच चांगल्या ठिकाणी लागतात त्यांचा यात फायदाच आहे.

रविवारी नेवाशाला गेलो. भाचीनं त्या काउन्सेलरला स्वतः फोन लावून मध्यक पगार विचारला. तो म्हणाला, "मॅडम, सरांशी बोलून सांगतो." अजून सांगितलेला नाही. ऑप्शन फॉर्म आम्ही दोघांनी बसून भरला. कुठं नंबर लागतो ते बघू.

गाया अजून गोठ्यात आहेत.

ज्यांच्या घरात यंदा असा अर्ज आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुम्ही एमबीए केलं असेल तर तुमच्या वर्गातल्या मधल्या पोराचा पहिला पगार किती होता, ते खाली लिहा. कॉलेजचं नाव नको, नुसता आकडा लिहा. पोरांच्या कामी येईल.