हळहळण्याचा हक्क

२९ जानेवारी २०२० रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय संसदेने ब्रिटनच्या युरोपीय संघाशी काडीमोडाचा करार ६२१ विरुद्ध ४९ मतांनी मंजूर केला. मग सदस्यांनी एकमेकांचे हात धरून ‘ऑल्ड लँग साइन’ हे स्कॉटिश निरोपगीत म्हटले. कित्येकांचे डोळे भरून आले होते. ३१ जानेवारीला लंडनमध्ये रात्रीचे अकरा वाजले आणि १९७३ पासूनचा घरोबा संपला.

या दुःखाला रडेपणा म्हणून हिणवणे आम्हाला मान्य नाही. जकात, मासेमारीचे हक्क, ब्रसेल्सला द्यायची वर्गणी यांचा हिशेब मांडता येतो. पण लिस्बनला शिकावे, बर्लिनला नोकरी धरावी, परवान्यावाचून तिथेच संसार थाटावा, हे ज्या पिढीने गृहीत धरले होते तिचे अंगणच आक्रसले. स्कॉटलंडचे तर विशेष वाईट वाटते. २०१६च्या सार्वमतात तिथल्या ६२ टक्के मतदारांनी युरोपात राहण्याचा कौल दिला होता, तरी तेही बाहेर पडले. बहुमताचा निर्णय पाळायलाच हवा. हरलेल्यांनी हळहळूही नये, असे मात्र कोणतीही लोकशाही सांगत नाही. या अंकातले लेख त्या हळहळीविषयी आहेत.